सांगून जाणारी माणसं

जुलै महिन्यातल्या एका संध्याकाळी मी रंकाळा स्टँडवर गगनबावड्याच्या गाडीत बसले. माहेरी निघाले होते. कोल्हापूरहून गगनबावडा ५५ किलोमीटर. उन्हाळ्यात दीड तासाची वाट. पावसाळ्यात ती किती तासांची हे कुंभी नदी ठरवते. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या या तालुक्यात मांडुकली, खोकुर्ले, असळज या गावांजवळ रस्त्यावर पाणी येणं हा दर वर्षीचा शिरस्ता आहे. ‘मांडुकलीत पाणी आलं’ एवढं वाक्य कानावर पडलं की पुढचं कुणी विचारत नाही.

त्या दिवशी गाडी पाण्याच्या अलीकडं थांबली तेव्हा अंधार पडत होता. थोड्या वेळानं मागंही पाणी चढल्याची बातमी आली. आता पुढं जाता येत नव्हतं आणि मागं फिरताही येत नव्हतं. कंडक्टरनं माणसं मोजली, आम्ही ४३ जण होतो. पहिला तासभर या ४३ जणांनी एकच गोष्ट केली, पण ज्यानं त्यानं आपली आपली. फोन कानाला लावून घरच्यांना तेच सांगितलं, काचेतून त्याच पाण्याकडं पाहिलं. घरी पोचायची ओढ सगळ्यांना होती आणि भीतीही सगळ्यांना सारखीच वाटत असणार. तरी माझ्या शेजारी बसलेल्या बाईची मला फिकीर नव्हती आणि तिला माझी नव्हती.

मग मागून कुणीतरी विचारलं, ‘ते निळ्या शर्टाचं पोरगं कुठं गेलं?’

कळ्याला चढलेल्या एक मावशी होत्या, मांडीवर बाजाराची पिशवी घेऊन बसलेल्या. त्या उठून उभ्याच राहिल्या. गाडीत शोध झाला, पोरगं नव्हतं. दोघंतिघं खाली उतरले, मोबाइलचे उजेड पाण्याच्या दिशेनं हलायला लागले. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ‘ए पोरा, ए पोरा’ अशाच हाका. वीसेक मिनिटांनी तो आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला. पाणी किती आहे ते बघायला गेला होता. मावशी दारातच उभ्या. ‘सांगून जायचं न्हवं? काय झालं असतं म्हंजे आमी काय करायचं?’

तो म्हणू शकला असता की तुम्ही माझ्या कोण. तसं म्हणाला असता तरी ते खोटं नव्हतं. पण त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, ‘चुकलं मावशी. सांगून जायाला पाहिजे होतं.’

या एका वाक्यावर मी गेली काही वर्षं विचार करते आहे. माणसं एका ठिकाणी जमली की त्यांचा समूह होतो का? होत नसेल, तर तो कधी होतो? मला वाटतं, त्या गाडीत तो या वाक्यापाशी झाला. त्याआधी आम्ही ४३ प्रवासी होतो. ज्या क्षणी एकाचं नसणं बाकीच्यांना खटकलं आणि ज्याचं नसणं खटकलं त्यानं ‘मी तुम्हाला सांगायला बांधील होतो’ हे कबूल केलं, त्या क्षणी आमच्यात काहीतरी नवं जन्मलं. ते मोजणीत दिसत नव्हतं. कंडक्टरचा आकडा आधीही ४३ होता आणि नंतरही ४३ होता.

आपल्या भाषेला हा फरक फार बारकाईनं कळतो. गर्दी, घोळका, जमाव, जथा, टोळी, मंडळी, भावकी, समाज असे किती शब्द! ‘गर्दी’ला आपण कधी ‘आमची’ म्हणत नाही. ‘मंडळी’ मात्र आमचीच असतात. बायकोलाही जुनी माणसं ‘मंडळी’ म्हणत. गर्दीतून एक माणूस निघून गेला तर गर्दी तेवढीच राहते. मंडळीतला एक जण पंगतीला आला नाही तर यजमान पान वाढायचं थांबवून विचारतो की तो राहिला कुठं?

कायद्याला मात्र एवढ्यावर भागवता येत नाही, त्याला मोजता येणारी गोष्ट हवी असते. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम १४१ नं बेकायदा जमावाची व्याख्या करताना दोन गोष्टी मागितल्या: पाच किंवा त्याहून जास्त माणसं आणि त्यांचं समान उद्दिष्ट. आता न्याय संहिता आली, कलमाचा क्रमांक बदलला, विचार तोच राहिला. पोलिसांच्या कामापुरतं ते ठीक असेल. पण समान उद्दिष्ट आम्हा ४३ जणांपाशी पहिल्या तासातही होतं, आणि तेवढ्यानं आम्ही एकमेकांचे कुणी झालो नव्हतो.

फ्रेंच विचारवंत सार्त्र यानं १९६० च्या आपल्या ग्रंथात पॅरिसमधल्या बसच्या रांगेचं उदाहरण घेतलं आहे. रांगेतला प्रत्येक माणूस दुसऱ्यासाठी नुसता एक क्रमांक असतो, एकाच्या जागी दुसरा उभा राहिला तरी काही बिघडत नाही. तो म्हणतो की अशा विखुरलेल्या माणसांचा गट होतो तो समोर सामाईक संकट उभं राहिल्यावर. रांगेचं वर्णन मला मनोमन पटतं, पण संकटाचं पटत नाही. संकटात माणसं एकमेकांना तुडवून पळाल्याचंही आपण पाहिलेलं आहे. पाणी आमच्यापुढं संध्याकाळपासून होतंच. पाण्यानं आम्हाला एकत्र आणून बसवलं, बांधलं मात्र मावशींच्या प्रश्नानं.

या बाबतीत सगळ्यात नेमकं बोललं गेलं ते आपल्याच मातीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी अध्यक्षीय भाषण लिहिलं. मंडळाला त्यातली मतं पेलली नाहीत, परिषद रद्द झाली, आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच छापलं. त्यात त्यांनी विचारलं आहे की समाज कशानं बनतो. माणसं जवळ राहतात म्हणून समाज होत नाही, दूर राहतात म्हणून तो मोडत नाही. चालीरीती, श्रद्धा, विचार सारखे असले तरी तेवढं पुरत नाही. तेच सण सगळ्या जाती एकाच दिवशी साजरे करतात, पण शेजारी शेजारी, आपापल्या कुंपणात. म्हणून त्या सणांनी त्यांना एक केलं नाही. सारखं असणं वेगळं आणि सामाईक असणं वेगळं, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. एकानं भाग घेतलेल्या कामाचं यश दुसऱ्याला आपलं यश वाटलं पाहिजे, अपयशही आपलं वाटलं पाहिजे. या विचारामागं कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे गुरू जॉन ड्युई आहेत. पण ड्युईंना कधी गावाच्या विहिरीवरून कुणी हाकललं नव्हतं. बाबासाहेबांच्या लेखणीत आल्यावर त्याच विचाराला धार चढली ती त्यामुळं.

हा विचार मी माझ्या माहेरच्या शिवारात लावून पाहते तेव्हा मला पैरा आठवतो.

आमच्याकडं भाताची रोप लागण जुलैत. तरवा वाफ्यातून उपटायचा, पेंड्या बांधायच्या, चिखल झालेल्या खाचरात नेऊन टाकायच्या आणि मग बायकांची ओळ वाकून मागं मागं सरकत रोप लावत जाते. पाऊस थांबत नाही. पूर्वी डोक्यावर इरलं असायचं, आता प्लॅस्टिकचा कागद. चिखल तयार झाला आणि पाणी बेताचं असलं की एकाच दिवसात ते खाचर उरकावं लागतं, घरच्या चार हातांनी ते होत नाही. म्हणून पैरा. आज सगळ्याजणी तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, परवा तिच्या. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत, दिवस द्यायचा. महाराष्ट्रात इतरत्र याला सावड म्हणतात, इर्जिकही म्हणतात. रीत थोडी थोडी वेगळी.

माझ्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुणाचे किती दिवस आपल्याकडं आणि आपले किती कुणाकडं हे तिला तोंडपाठ असे. ‘तिचं दोन पैरं हाईत आपल्यावर’ असं ती म्हणायची तेव्हा तिच्या आवाजात सावकाराच्या देण्याची धास्ती नसायची. पण फेडलं नाही तर रात्री तिला झोप लागायची नाही, हेही खरं. एकदा ती तापानं पडली आणि ठरलेल्या दिवशी तिनं मला पाठवलं. मी १२ वर्षांची होते. माझी ओळ वाकडी जायची, रोपं वर तरंगायची. शेजारची काकी माझ्यामागून ती पुन्हा रोवत यायची आणि काही बोलायची नाही. संध्याकाळी मात्र सगळ्यांसमोर म्हणाली, ‘आईला सांग, पैरा फिटला.’ अर्धा म्हणाली नाही. पुढं कधीतरी तीच काकी बाळंतपणानंतर वाकू शकत नव्हती, तेव्हा तिनं बांधावर बसून सगळ्यांची तान्ही पोरं सांभाळली आणि ते दिवस पुरे धरले गेले.

मजुरीत हे होत नाही. मजूर आला नाही तर आपण दुसरा बघतो. त्या दिवसाचे पैसे कापले की हिशेब संपतो. पैऱ्यात काकी आली नाही तर तिच्या जागी दुसरी आणून भागत नाही. आई संध्याकाळी तिच्या दारात जाऊन उभी राहायची, ‘का आली न्हाईस गं?’ हा प्रश्न विचारण्याचा आईला हक्क होता आणि काकीला उत्तर द्यावं लागायचं. उत्तर पटलं तर आई घरी येताना तिच्याकडचा भाकरीचा तुकडाही घेऊन यायची. समूह म्हणजे मला जे म्हणायचं आहे ते या दारात उभं राहण्यात आहे. ज्याला आपण ‘का आला नाहीस’ असं विचारू शकतो आणि जो त्याला ‘तुला काय करायचंय’ असं म्हणत नाही, तो आपल्यातला.

मार्गारेट गिल्बर्ट या तत्त्वज्ञ बाईंनी १९९० मध्ये दोघांनी मिळून फिरायला जाण्याचं अगदी साधं उदाहरण घेऊन असंच काहीसं मांडलं. दोघं एकाच वाटेनं शेजारी शेजारी चालत असले म्हणजे ते ‘सोबत’ चालत आहेत असं नाही. सोबत असतील तर एक जण न सांगता वळून निघून गेल्यावर दुसऱ्याला बोल लावता येतो. करूळच्या नाहीतर भुईबावड्याच्या घाटातून पायी उतरणाऱ्या आमच्या आज्यांना हे कुणी शिकवावं लागलं नसतं. ‘सोबत बघून जा’ हे त्यांचं रोजचं वाक्य होतं.

पण गिल्बर्टबाईंचे ते दोन चालणारे बरोबरीचे आहेत. आमच्या गावात सगळे बरोबरीचे कधी होते?

आईच्या पैऱ्यात कोण होतं हे मला आज नावानिशी सांगता येतं. कोण नव्हतं हे लक्षात यायला मात्र मला शहरात जाऊन शिकावं लागलं. गावाच्या एका कडेला राहणाऱ्या बायका आमच्या खाचरात यायच्या, पण त्या पैऱ्याला नसायच्या. त्या कामाला यायच्या. त्यांच्या खाचरात आमच्या घरातलं कुणी रोप लावायला गेलेलं मला आठवत नाही, आणि त्यांना खाचर होतं की नव्हतं हेही मी कधी विचारलं नाही. त्या आल्या नाहीत तर आमच्याकडून निरोप जायचा, ‘का आला न्हाईसा?’ आम्ही त्यांच्याकडं गेलो नाही तर त्यांच्याकडून निरोप येण्याचा प्रश्नच नव्हता.

इथं माझी आधीची व्याख्या अडखळते. विचारणं होतं, उत्तर देणंही होतं, पण एकाच बाजूनं. वतनदारीचं सगळं गाव याच एकतर्फी प्रश्नावर उभं होतं. महार वतनात पाटलानं हाक मारली की रात्री-बेरात्री जायचं, सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवायचं, मेलेलं जनावर ओढायचं. घरातला एक नसेल तर दुसऱ्यानं जायचं. हजेरी चुकली की जाब. उलट जाब विचारण्याची सोय मात्र कुठंच नव्हती. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतन मोडलं आणि त्या जमिनी रयताव्याच्या केल्या. मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात यासाठी विधेयक आणलं. तिथलं कनिष्ठ वतन कायद्यानं संपायला स्वातंत्र्यानंतरची दहा-बारा वर्षं जावी लागली. गावगाड्याच्या एकोप्याचं कौतुक मी पुष्कळ वाचलं आहे. ज्यांना फक्त उत्तरं द्यावी लागली आणि प्रश्न कधी विचारता आला नाही, त्यांच्यापुरतं ते गाव त्यांचं नव्हतं, एवढंच मला म्हणायचं आहे. ते गावात राहत होते, गावासाठी राबत होते. पण त्या दोन गोष्टींनी माणूस समूहातला होत नाही.

म्हणून प्रश्नाला परतीची वाट असली पाहिजे. मी तुला विचारलं तर तुलाही मला विचारता आलं पाहिजे, तेही मान खाली न घालता. निळ्या शर्टाच्या पोरानं ‘चुकलं’ म्हटल्यावर अर्ध्या तासानं तोच मावशींना दरडावत होता, ‘आता तुमी का उतरताय चिखलात? मला सांगा, मी आणतो पाणी.’ आणि त्या ऐकून परत बसल्या.

रात्री आम्हाला जवळच्या गावानं शाळा उघडून दिली. भात आणि आमटी आली, दोन घोंगडी आली. गावातलं एक म्हातारं माणूस मायेनं प्रत्येकाची विचारपूस करत होतं. कुठल्या गावचं, कुणाच्यात जायचं, आणि मग सवयीनं, ‘तुम्ही कुणातलं?’ मराठी माणसाला या प्रश्नाचा अर्थ सांगावा लागत नाही. त्या खोलीत क्षणभर सगळं थांबलं. नुकते कुठं एक झालेले ४३ जण पुन्हा पाच-सहा ओळींत विभागले जातात की काय असं मला वाटलं. एकानं आपली जात सांगितली, एकानं फक्त गावाचं नाव पुन्हा सांगितलं. कोपऱ्यातला एक गृहस्थ ताटावरून न उठता म्हणाला, ‘आज सगळी गाडीतली.’ म्हातारबाबा हसले आणि त्यांनी त्याला आणखी भात वाढला.

इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर चालल्या आणि त्या अनुभवावर त्यांनी लिहिलं. वारी म्हणजे महाराष्ट्राचं एकपण, असं वाटणाऱ्या प्रत्येकानं ते वाचावं. एकाच दिंडीत चालणारी, एकच अभंग म्हणणारी माणसं जेवायला मात्र जातीजातीनं वेगळी बसत, याची जखम त्यांनी लपवली नाही. महाराष्ट्राची ओळखच पंढरीला जाणाऱ्यांवरून ठरवणारी ती बाई, पण तिला पावलांचा मेळ आणि ताटांचा मेळ यातलं अंतर डोळ्यांनी दिसत होतं. आमच्या शाळेतल्या त्या रात्री ताटं एकत्र होती. पण ती एका रात्रीपुरती, आणि अडचणीत, हे मी विसरत नाही.

आता एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यावा लागतो. जाब विचारण्याच्या हक्कावर समूह उभा राहतो असं म्हटलं की भावकी आणि जातपंचायत पुढं येऊन उभी राहते. तिथं तर जाब विचारल्याशिवाय दिवस उगवत नाही. कुणाशी लग्न केलं, कुणाच्या मयताला गेला, कुणाला मत दिलं? आणि उत्तर पसंत पडलं नाही तर वाळीत टाकायचं. दुकानात सामान नाही, विहिरीवर पाणी नाही, मयताला खांदा नाही. महाराष्ट्रानं या विरोधात २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे, आणि असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. कायदा करावा लागला यातच दुखणं किती जुनं हे कळतं.

सोपी पळवाट अशी की वाळीत टाकणारा तो खरा समूहच नव्हे. मी ती घेणार नाही. तो समूहच असतो, फार घट्ट असतो. त्याचं बळ इतकं म्हणूनच त्यातून फेकला गेलेला माणूस आतून मोडतो. परक्यांच्या गर्दीनं बोलणं टाकलं तर कुणी गळफास घेत नाही. माणसं एकमेकांना बांधली जाणं ही एक गोष्ट आणि ती चांगल्यासाठी बांधली जाणं ही दुसरी. पैरा आणि बहिष्कार एकाच सुताचे आहेत, हे मान्य करायला मला त्रास होतो, पण ते खरं आहे. फरक शोधायचाच तर तो काकीनं वाकडी न म्हटलेल्या ओळीत शोधावा लागेल. काकीचं उत्तर ऐकून घ्यायची तयारी आईत होती. बारा वर्षांच्या पोरीचा दिवस काकीनं पुरा धरला. पंचायत प्रश्न विचारते तेव्हा उत्तर तिनं आधीच ठरवलेलं असतं.

राज्य करणाऱ्यांना ही बांधणी कशी होते हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि कशी होऊ द्यायची नाही हेही. गगनबावडा ही हुकूमतपनाह रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची जहागीर. त्यांच्या नावावर असलेलं ‘आज्ञापत्र’ १७१५-१६ च्या सुमाराचं. त्यात गडकोटांच्या कारभाराबद्दल जी शिकवण आहे तिच्यात एक धागा सतत जाणवतो: किल्ल्यावरचे अंमलदार एकाच जागी फार वर्षं ठेवू नयेत, ठरावीक मुदतीनं बदलावेत. शिवाजी महाराजांनी किल्ल्यावर हवालदार, सबनीस, सरनोबत असे बरोबरीचे अधिकारी ठेवल्याचं सभासदाच्या बखरीत आहे. म्हणजे किल्ला एकाच्या मुठीत जाऊ नये. शत्रूच्या वेढ्यात फितुरीची भीती असताना हे शहाणपणच होतं. पण मी गगनगडाच्या पायथ्याशी उभी राहून याचा विचार करते तेव्हा मला त्यातला माणसाबद्दलचा अंदाज दिसतो. चार माणसं एका जागी पुरेशी वर्षं राहिली की ती एकमेकांच्या दारात जाऊ लागतात, एकमेकांना उत्तरं देऊ लागतात, आणि मग वरच्याला उत्तर देणं दुय्यम होतं. बदलीची शाई आजही हेच काम करते.

आणि उलट, माणसं शेकडो मैल दूर जाऊनही समूह टिकतो. आमच्या घाटमाथ्यावरच्या गावांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेले. लालबाग-परळच्या चाळींत गावकीच्या खोल्या असत. एकेका खोलीत गावाकडचे पंधरा-वीस जण. पाळी संपवून आलेला निजायचा तेव्हा त्या जागेवरचा दुसरा कामाला निघालेला असायचा. नवा पोरगा आला की नोकरी लागेपर्यंत त्याला खोलीत जागा, आणि लागल्यावर त्यानं खोलीची वर्गणी द्यायची. गावच्या यात्रेची पट्टी तिथूनच यायची. एखादा पगार दारूत घालवायला लागला तर गावाकडं पत्र पोचायच्या आधी खोलीतला जाणता त्याला समोर बसवून विचारायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर हळूहळू ती दुनिया विझली. पण गावापासून इतक्या लांब ते गाव शाबूत होतं, कारण तिथंही ‘का आला नाहीस’ विचारणारं कुणीतरी होतं.

त्याच मुंबईनं या माणसांना ‘घाटी’ असं नाव दिलं. हे नाव बाहेरून आलेलं. गगनबावड्याला राहणाऱ्याला तर ते जास्तच चमत्कारिक वाटतं, कारण आमचा उंबरठाच घाटाच्या कडेवर. घाट उतरला की वैभववाडी, कोकण. इकडच्या लेकी तिकडं दिलेल्या, तिकडच्या इकडं. २०२४ मध्ये करूळ घाट कामासाठी बंद होता तेव्हा लांबचा फेरा घालून माणसं आजारी नातेवाइकाला बघायला जात होती. तरी मुंबईत गेलं की एक घाटी आणि एक कोकणी. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यानं १९७० च्या आसपास ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांना निव्वळ नाममात्र कारणानं दोन गटांत विभागलं, आणि आपल्या गटात कोण कोण आहे हे ठाऊकही नसताना मुलं आपल्या गटाला झुकतं माप देऊ लागली. नावाची ताकद एवढी. पण त्या मुलांपैकी एखादा दुसऱ्या दिवशी आला नसता तर बाकीच्यांनी त्याच्या घरी जाऊन चौकशी केली असती का? नावानं माणूस कोणत्या बाजूला उभं राहायचं ते शिकतो. आजारपणात दाराशी कोण येईल हे नाव सांगत नाही. निवडणुकीच्या दिवसांत ‘आमचा समाज’ म्हणून जे मेळावे भरतात, तिथं मला हाच प्रश्न विचारावासा वाटतो.

बचत गटांची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिथं सरकारनं समूह बनवायचं सूत्रच लिहून दिलं आहे. नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, नियमित परतफेड, नीट लेखे. दहा-पंधरा बायका, एक रजिस्टर, एक पेटी. माझ्या भावजयीच्या गटात मी बसले होते. सुरुवातीला सगळ्याजणी अध्यक्षांकडं तोंड करून बोलत होत्या, वर्गात बोलतात तसं. मग धनगरवाड्यावरून चालत येणाऱ्या एका बाईनं भावजयीला विचारलं, ‘मागच्या बैठकीला तू न्हवतीस, सही कुणी केली तुझी?’ भावजय गोरीमोरी झाली. मला मात्र त्या गटाबद्दल त्या क्षणी विश्वास वाटला. डोंगरावरून दीड तास चालत येणाऱ्या बाईनं गावातल्या पाटलाच्या सुनेला तोंडावर जाब विचारला होता आणि सुनेला उत्तर द्यावं लागलं होतं. माझ्या आईच्या पैऱ्यात हे झालं नसतं. रजिस्टरच्या पाच सूत्रांत हे लिहिलेलं नाही, पण सूत्रांनी त्याला जागा करून दिली हे मी नाकारत नाही.

सकाळी पाणी ओसरलं. आम्ही गाडीत चढलो, कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला आणि तीन-चार आवाज एकदम आले, ‘थांबा, मागच्या आजी यायच्या हाईत.’ आजी शाळेच्या बाईंना घोंगडी घडी करून द्यायला थांबल्या होत्या. गाडी थांबली. कुणी कुरकुरलं नाही.

गगनबावड्याच्या स्टँडवर धुकं इतकं होतं की समोरचं दुकान दिसत नव्हतं. माणसं उतरली आणि आपापल्या वाटेला लागली. कुणी कुणाचा नंबर घेतला नाही. कोण कुठं निघालं हे कुणी कुणाला सांगितलं नाही आणि कुणाला ते खटकलंही नाही. रात्रीपुरतं जे जुळलं होतं ते सुटत होतं. तेवढ्यात तो निळ्या शर्टाचा पोरगा पाच पावलं जाऊन परत वळला, मावशींजवळ आला आणि म्हणाला, ‘जातो मावशी.’

मावशींनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ‘जातो म्हणू ने रं,’ त्या म्हणाल्या, ‘येतो म्हणावं.’

‘येतो,’ तो म्हणाला, आणि धुक्यात गेला.